वजन उचलायच्या आधी ताणायचं की नंतर?

प्रश्न : नमस्कार ताई. वय ३४, आठ महिने झाले जिमला जातोय, आठवड्यातून तीन दिवस वेट्स. आमच्या ट्रेनरनी पहिल्या दिवसापासून सवय लावलीय की आल्या आल्या १५ मिनिटं अंग ताणायचं, वाकून पायाचे अंगठे धरून मिनिट-दीड मिनिट तसंच राहायचं, मग मांड्या, मग खांदे, आणि मगच रॉडला हात लावायचा. आता एक नवीन आलेला मुलगा म्हणतो हे साफ चूक आहे, ताणल्याने ताकद जाते, स्ट्रेचिंग फक्त शेवटी. आणखी एक जण म्हणतो न ताणता वजन उचललंस तर एक दिवस मसल फाटेल. नक्की कुणाचं ऐकू? आणि दोन्ही वेळा ताणलं तर काय बिघडतं?

उत्तर : तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि खरं सांगायचं तर तिघंही थोडं थोडं बरोबर बोलतायत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींना तिघं एकच नाव देतायत.

एक ताणणं असतं ते थांबून. वाकलो, अंगठा धरला, मांडीच्या मागे ओढ बसली, आता तिथेच ३० सेकंद नाहीतर ६० सेकंद. हा स्टॅटिक स्ट्रेच. दुसरं ताणणं हलत हलत, म्हणजे भिंतीला हात टेकून पाय पुढे-मागे झुलवायचा, लंजेस घेत, म्हणजे लांब पाऊल टाकून पुढचा गुडघा वाकवत चालायचं, हात खांद्यातून गोल फिरवायचे, यात स्नायू दरवेळी लांब होतो पण तिथे मुक्काम करत नाही, लगेच परत येतो. हा डायनॅमिक. वजन उचलायच्या आधी दुसरा, आणि हवा असेल तर नंतर पहिला. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण का ते कळलं नाही तर उद्या चौथा कुणीतरी येऊन पाचवंच काहीतरी सांगेल आणि तुम्ही परत तिथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताकद कमी होते हे खरं आहे. २०१३ मध्ये १०४ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला होता, त्यात आधी फक्त स्टॅटिक स्ट्रेच केल्यावर जास्तीत जास्त ताकद सरासरी ५.४ टक्क्यांनी घटलेली दिसली. पण यात सगळा खेळ वेळेचा आहे. एका स्नायूला मिनिटापेक्षा कमी ताणलं तर घट टक्का-दोन टक्के, जी तुम्हाला जाणवणारही नाही, आणि मिनिटाच्या वर गेलं की ती चार-पाच टक्क्यांवर आणि कधी त्याच्याही पुढे जाते. समजा तुम्ही जोर लावून एकदाच १०० किलो उचलू शकता, तर ५ टक्के म्हणजे ५ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक छोटी प्लेट. आभाळ कोसळत नाही यानं, पण तुम्ही तिथे गेलात ताकद वाढवायला आणि पहिल्या १५ मिनिटांत स्वतःच्या हातानं थोडी कमी करून सुरुवात करताय, ते कशाला?

हे का होतं तर दोन कारणं मुख्य. स्नायू आणि हाड यांना जोडणारा जो टेंडन असतो तो स्प्रिंगसारखा, बऱ्यापैकी कडक असावा लागतो, तरच स्नायूनं लावलेला जोर लगेच हाडापर्यंत पोचतो. बराच वेळ ओढून धरलं की स्नायू आणि टेंडन मिळून थोडे सैल पडतात. आणि दुसरं म्हणजे मेंदूकडून स्नायूला जो हुकूम जातो तोच थोडा वेळ मंदावतो, आणि लांबलचक स्ट्रेचनंतर पहिल्या काही मिनिटांत ते मोजताही येतं. नंतर हालचालीचा वॉर्मअप नीट केला तर यातलं बरंचसं भरून निघतं, म्हणून इतके दिवस केलं त्यानं काही नुकसान झालं का अशी काळजी अजिबात करू नका.

आता राहिला मसल फाटायचा मुद्दा, आणि लोक घाबरतात ते यालाच. सन २००० मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ नव्या भरती झालेल्या जवानांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, निम्म्यांनी वॉर्मअपमध्ये पायाचे सहा स्नायूगट २०-२० सेकंद ताणले, निम्म्यांनी नुसता वॉर्मअप केला, आणि १२ आठवड्यांत दोन्ही गटांत पायाच्या दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ती मंडळी धावणं आणि कवायत करत होती, वजनं उचलत नव्हती हे मान्य, पण एवढ्या माणसांत ताणण्याचा मोठा फायदा असता तर तो कुठेतरी दिसला असता.

वजनं उचलताना माणसं जायबंदी होतात ती कशानं, हे इतकी वर्षं डोळ्यासमोर बघितलंय म्हणून कळकळीनं सांगते. थंड अंगानं एकदम जड रॉड उचलणं, गेल्या आठवड्यात ६० होतं म्हणून या आठवड्यात ८०, थकल्यावर पाठ वाकलेली असतानाही आणखी दोन रेप्स, म्हणजे आणखी दोन वेळा तेच वजन ओढणं, रात्रभर झोप नाही तरी ठरलेलं वजन पूर्ण करण्याचा हट्ट. कंबरेत उसण भरलेले जेवढे लोक माझ्याकडे आले त्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच होती, आणि यातले कित्येक जण आधी अगदी मन लावून ताणणारे होते. अंगठे धरून झाले म्हणजे शरीर तयार झालं असं त्यांना वाटायचं. मला या १५ मिनिटांबद्दल आक्षेप आहे तो याचसाठी. टक्का-दोन टक्के ताकदीचं मला काही वाटत नाही, तयारी झाल्याची खोटी खात्री मिळते त्याचं वाटतं.

मग तयारी म्हणजे काय? आधी पाच-सात मिनिटं अंग गरम करायचं, सायकल मारा, भरभर चाला, दोरीच्या उड्या मारा, काहीही, कपाळावर बारीक घाम आला की थांबा. गरम स्नायू जास्त वेगानं आणि जास्त जोरानं आकुंचन पावतो, वॉर्मअप या शब्दातच ते आलं. मग त्या दिवशी जे उचलणार आहात त्याच सांध्यांच्या हालचाली, पायांचा दिवस असेल तर पाय झुलवणं, लंजेस, बिनवजनी सावकाश खोल स्क्वॉट (उठाबशीसारखं खाली बसून उठणं), १०-१२ वेळा पुरे. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत सगळेच गाळतात, ते म्हणजे चढते सेट. समजा कामाचं वजन ८० किलो आहे, तर आधी नुसता २० किलोचा रॉड घेऊन १० रेप्स, मग ४० वर ५, मग ६० वर ३, ७० वर १ किंवा २, आणि मग ८०. रिकाम्या रॉडनं पूर्ण खाली जाऊन सावकाश वर येता तेव्हा मांड्या, नितंब, घोटे हे सगळं ताणलंच जातंय की, तेही वजनाखाली, ज्या कोनात ताणलं जायला हवं नेमक्या त्याच कोनात. वजन उचलायच्या आधीचा सगळ्यात चांगला स्ट्रेच कुठला असं विचाराल तर मी हाच सांगेन, तोच व्यायाम, हलक्या वजनानं, पूर्ण खोलीपर्यंत.

दोन्ही वेळा ताणलं तर बिघडत काहीच नाही, वेळ जातो एवढंच. आधीचं ३० सेकंदांच्या आत ठेवा, त्यानंतर चढते सेट न चुकता करा, आणि निवांत ताणायचं ते शेवटी. आणि ट्रेनरशी वाद घालायला जाऊ नका हो. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः हेच शिकवत होते, त्या वेळी आम्हाला शिकवलंच तसं गेलं होतं. फक्त म्हणा की सर, हे १५ मिनिटांचं शेवटी केलं तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची आहे. पायांचा व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी ठीक असते पण तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. मैत्रीण म्हणते व्यायामानंतर ताणलं नाहीस म्हणून लॅक्टिक ॲसिड साचलं. मी ताणतेय तरी दुखतंच. माझं ताणणं चुकतंय का?

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये गं. लॅक्टिक ॲसिडची ही समजूत फार जुनी आहे आणि कुणालाही सांगितलं की पटकन पटते, पण व्यायामात रक्तात वाढलेलं लॅक्टेट (म्हणजे तुझी मैत्रीण म्हणते तेच लॅक्टिक ॲसिड) साधारण तासाभरात परत जागेवर येतं, मग ते तिसऱ्या दिवशी कसं दुखवेल? दुखतं ते स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक बारीक इजेमुळे आणि नंतर तिथे जी दुरुस्ती सुरू होते, सूज येते, त्यामुळे. त्यातही वजन खाली नेतानाचा भाग, म्हणजे स्क्वॉटमध्ये बसताना, लंजमध्ये खाली जाताना स्नायू लांब होत होत जोर लावतो ना, तिथे ही इजा जास्त होते. म्हणून तुला जिना चढताना एवढं नाही आणि उतरताना जास्त दुखतं, कारण उतरतानाही मांडी तेच काम करते. साधारण २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त असतं.

ताणण्यानं ते किती कमी होतं हेही बघितलं गेलंय. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात १२ अभ्यास होते, आधी ताणा, नंतर ताणा नाहीतर दोन्ही वेळा ताणा, दुखण्याला १०० पैकी गुण दिले तर जेमतेम अर्ध्या ते चार गुणांचा फरक. म्हणजे नसल्यातच जमा. बरं वाटतं म्हणून ताणत असशील तर जरूर ताण, बरं वाटणं हेही कारण चांगलंच आहे, पण दुखलं म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. खरा उपाय म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे सेट कमी ठेव आणि सोडू नकोस, तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की शरीर आपोआप कमी दुखतं. दुसऱ्या दिवशी झोपून राहू नकोस, थोडं चाल.

एक मात्र लक्षात ठेव. दुखणं सहन होण्यापलीकडचं असेल, मांड्या टम्म सुजल्या असतील आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर स्ट्रेचिंग, विश्रांती वगैरे काहीही करत बसायचं नाही, त्याच तासाला डॉक्टर. हे क्वचित होतं पण होतं, विशेषतः बऱ्याच दिवसांनी एकदम खूप व्यायाम केला की, आणि त्यात किडनीला धोका असतो.

प्रश्न : वय ४१. स्क्वॉटला खाली गेलो की टाचा उचलल्या जातात आणि पुढे झुकायला होतं. सहा महिने झाले व्यायामानंतर रोज पोटऱ्या ताणतोय, स्क्वॉट काही खोल जात नाही. आधी ताणायचं नाही म्हणतात म्हणून आधी करत नाही.

उत्तर : तुमच्या बाबतीत मी उलटं सांगणार आहे, आधी ताणा. नियम का केलाय ते कळलं की तो कुठे वाकवायचा तेही कळतं. आधी नको म्हणतात ते मिनिटाच्या वरचं, सगळ्या अंगाचं, आळसावलेलं ताणणं. तुमचा घोटा पुढे वाकतच नसेल तर प्रत्येक स्क्वॉट चुकीच्या आकारात होणार, आणि चुकीच्या आकारात ८० किलो उचलण्यापेक्षा टक्काभर ताकद गेलेली परवडली.

पण आधी बघा अडतंय कुठे. भिंतीसमोर अनवाणी, एक पाय पुढे ठेवून गुडघ्यावर वाका, अंगठा भिंतीपासून थोडा लांब, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा प्रयत्न करा. टेकला की पाय आणखी मागे घ्या, असं करत कुठपर्यंत जमतं ते पट्टीनं मोजा. १० सेंटिमीटरच्या आसपास येत असेल तर घोटा बहुतेक ठीक आहे आणि दोष दुसरीकडे असेल, पाय फार जवळ ठेवताय, गुडघे पुढे जाऊ नयेत असं कुणीतरी भरवून दिलंय म्हणून धरून ठेवताय, किंवा नुसता सराव कमी आहे. पाच-सहाच येत असेल तर घोटाच अडतोय. आता तसंच वाकलेलं असताना नीट लक्ष द्या की ओढ कुठे बसते. मागे, पोटरीत ओढ असेल तर ताणून उपयोग होईल. पुढे, घोट्याच्या वाकणीत काहीतरी चिमटल्यासारखं, अडकल्यासारखं वाटत असेल तर तो सांध्याचा अडथळा आहे, पोटरी वर्षभर ताणली तरी तो जाणार नाही, कदाचित तुमचे सहा महिने त्यातच गेलेत, तेव्हा एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या.

पोटरीची ओढ असेल तर स्क्वॉटच्या आधी अंग गरम झाल्यावर दोन्ही पोटऱ्या ३०-३० सेकंद, गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा, कारण पोटरीत दोन थर असतात आणि आतला थर गुडघा वाकल्यावरच नीट ताणला जातो. स्क्वॉटमध्ये गुडघा वाकलेलाच असतो, त्यामुळे तुमच्या कामाचा तो जास्त, आणि नेमका तोच लोक सोडून देतात. ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून काही जास्त मिळतं का, तर १९९४ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूवर १५, ३० आणि ६० सेकंद तपासले होते, ३० हे १५ पेक्षा बरे निघाले आणि ६० चा ३० पेक्षा वेगळा फायदा झाला नाही. मग लगेच रिकाम्या रॉडनं स्क्वॉट, खाली गेल्यावर दोन-तीन सेकंद तिथेच थांबून. नवीन मिळालेली खोली लगेच वापरली तर ती टिकते, नुसती ताणून सोडून दिली की घरी जाईपर्यंत घोटा होता तसा, आणि तुमच्या शेवटी ताणण्यात हेच होत असणार. ताणल्याने पहिल्या काही आठवड्यांत स्नायूची लांबी खरोखर वाढते असंही फारसं नाही, बराचसा फरक हा मज्जासंस्था ती ओढ सहन करायला लागते याचा असतो, आणि सहन करायची सवय कामाच्या जागीच लागते.

तोपर्यंत टाचांखाली दोन छोट्या प्लेट ठेवून किंवा टाच उंच असलेले बूट घालून स्क्वॉट करायला काहीच हरकत नाही. लोक त्याला फसवणूक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, वेटलिफ्टिंगचे बूट मुद्दाम तसेच बनवलेले असतात.

प्रश्न : मांडीच्या मागचे स्नायू कायम आखडलेले वाटतात. दोन वर्षं रोज ताणतेय, आता वाकून तळवे जमिनीला टेकतात, तरी आखडल्याची भावना जातच नाही. डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) सुरू करायचीय. किती ताणल्यावर सुरू करू?

उत्तर : तळवे जमिनीला टेकणाऱ्या माणसाचे हे स्नायू आखूड असतील यावर माझा विश्वास बसणार नाही. आखडल्यासारखं वाटणं आणि आखूड असणं या दोन गोष्टी आहेत. बऱ्याचदा अशक्त स्नायू सतत धरून ठेवल्यासारखा वाटतो, आणि त्याला आणखी ताणणं हे उपाय म्हणून उलटंच पडतं. कोपर उलट्या बाजूला जास्त वळणं, अंगठा मनगटाला टेकणं असंही होत असेल तर तुमचे सांधेच मुळात सैल असू शकतात, मग तर ताणणं जवळपास बंदच करा.

दोन महिने ताणणं सोडून हलक्या वजनानं रोमेनियन डेडलिफ्ट करा, गुडघे किंचित वाकलेले, कंबरेतून मागे जात जात सावकाश खाली, तीन सेकंद मोजून. पूर्ण खोलीपर्यंत केलेल्या वजनाच्या व्यायामानं लवचिकता ताणण्याइतकीच वाढते हे २०२१ मध्ये ११ अभ्यास एकत्र करून दिसलंय, त्यामुळे आहे ती लवचिकता जाईल अशी भीती नको. ओढ मांडीत न राहता मुंग्या येत खाली पावलापर्यंत जात असेल तर मात्र ते स्नायूचं नाही, नसेचं दुखणं आहे. तिथे ताणूही नका आणि डेडलिफ्टही सुरू करू नका, आधी डॉक्टर.

प्रश्न : मी ६२ वर्षांचा आहे. डंबेल्स सुरू केलेत, आठवड्यातून दोनदा. व्यायाम संपेपर्यंत इतका दमतो की शेवटचं ताणणं होतच नाही. चालेल का?

उत्तर : चालेल काका. ताणायला व्यायामाचाच दिवस लागतो असं काही नाही. संध्याकाळी थोडं चालून आल्यावर अंग गरम असतं तेव्हा करा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकेक स्नायू ३० ते ६० सेकंद, श्वास रोखायचा नाही, हिसके द्यायचे नाहीत, दुखेपर्यंत जायचं नाही, नुसती ओढ बसली की पुरे. तुमच्या वयाला छाती, मांडीचा पुढचा भाग आणि पोटऱ्या एवढ्या तीन जागा नेमानं झाल्या तरी चालताना फरक कळेल.

व्यायाम संपल्यावर एक मात्र सोडू नका. शेवटचा सेट झाला की एकदम खाली बसू नका किंवा गाडी काढून निघू नका, पाच मिनिटं हळूहळू फिरा. पायांत उतरलेलं रक्त परत वर यायला चालण्याची मदत होते, एकदम थांबलं की काही जणांना गरगरतं, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर जास्तच. खाली झोपून ताणत असाल तर उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा, दोन श्वास घ्या, मग उभे राहा.